अर्धी गुंडाळी उजवी, अर्धी डावी

धर्मराज मढवी मला पहिल्या भेटीत अजिबात आवडले नव्हते.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. राहायला कोपरखैरण्यात, आणि स्कूटीवरून ऐरोली ते सानपाडा असा दिवसभर फेरा. पेशंटपेक्षा त्याच्या घरच्यांनी डोकं उठवायचं, याची मला वीस वर्षांची सवय आहे. कोणी मोबाइलवर शूटिंग करतं, कोणी 'मॅडम, किती दिवसांत होईल?' एवढाच धोशा लावतं. धर्मराजकाकांनी यातलं काही केलं नाही. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाऊण तास ते बायकोच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. निघताना मी त्यांना व्यायाम समजावून सांगितले, तर नुसती मान हलवली, तीही माझ्याकडे न बघता. असल्या घुम्या माणसाच्या घरी पेशंट सुधारणार कसा, असं मनात म्हणत मी जिना उतरले.

घर तळवली गावठाणातलं. काकांनी बांधलेली तीन मजली इमारत, खाली दोन भाडेकरू, वर ही दोघं. मुलगा-सून शेजारच्या गल्लीत आणि त्यांची मुलगी जागृती बहुतेक वेळ आजीपाशीच. आजी म्हणजे गोजरा मढवी, वय बासष्ट. ती धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी यायच्या आधी धवलारीण येते. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, तांदळाच्या पिठाने चौक भरते, हळद लावते, आणि ती म्हणेल तसं लग्न पुढे सरकतं. तळवली, घणसोली, गोठिवली या गावांत चाळीस वर्षं गोजराकाकूंच्या चौकाशिवाय हळद लागली नव्हती.

गेल्या वर्षी माघात एका लग्नातच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. मी गेले तोवर दीड महिना उलटला होता. वाचा परत आली होती, पाय काठीवर चालायला लागला होता, खांदा आणि कोपर हलत होतं. राहिली ती मूठ. मेंदूकडून 'सोड' असा निरोपच बोटांपर्यंत जात नव्हता, त्यामुळे ती सदा आवळलेली. मी जोर लावून उघडायची, तळवा पुसायची, नखं कापायची, आणि हात सोडला की बोटं परत तळव्यात जाऊन बसायची.

"डाक्टरीन बाय," काकू पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "पायाचा मना काय नाय. हात दे मना."

"डाव्या हाताने करता येतील बरीच कामं," मी म्हणाले.

"चौक डाव्यानं भरतान काय? आन हलद? जागृतीचा लगीन हाय वैशाखात, पुढच्या वरसाला. मिटल्या मुठीची धवलारीन नातीच्या मांडवात काय करंल?"

मी खोटं बोलत नाही. धंद्यात हा दोषच आहे, मला दोन घरांनी त्यापायी काढलंही आहे. मी म्हणाले, "काकू, मूठ आपली आपण उघडेल असं मला वाटत नाही." काकूंनी ऐकून घेतलं. दाराशी बसलेले काका मात्र उठले आणि गच्चीवर निघून गेले. त्यांना माझा राग आला असेल, असं मी समजले.

गच्ची हे काकांचं राज्य होतं, हे मला हळूहळू कळलं. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत माती भरून त्यांनी शिराळी, कारली, काकडी लावली होती आणि बांबूचा मांडव घातला होता. वडिलांची खाडीकाठची भातशेती काका दहा वर्षांचे असताना शहरासाठी गेली, आणि शेतकऱ्याचा हा मुलगा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या होज पाइपच्या कारखान्यात लागला. एकतीस वर्षं तिथे एकच काम केलं. लोखंडी सळईवर रबराचा थर चढवायचा, त्यावर कापडाची पट्टी ताणून गुंडाळायची, की पाइप भट्टीत जायचा. पट्टी ढिली पडली तर पाइप फुगून फाटायचा. काकांच्या हातचा पाइप फाटला नाही, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ते स्वतः सांगणारे नव्हते. कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती, पण बोटांची सवय गेली नव्हती. बोलता बोलता, म्हणजे आपण बोलत असताना, ते हाताला लागेल ते गुंडाळत बसायचे. सुतळी, मोबाइलची वायर, पिशवीचे बंद.

पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधली सई मला लिफ्टमध्ये भेटली. ती इंजिनीअरिंग कॉलेजात पीएच.डी. करते. पुढच्या वर्षी तिशीत जाईल, पण बोलते अजून दहावीच्या हुशार मुलीसारखी, दुसऱ्याला दम न घेऊ देता.

"गीताताई, मूठ न उघडणारा पेशंट आहे का हो तुमच्याकडे? मी रोबो बनवतेय."

यंत्र घेऊन येणाऱ्या लोकांचा मला मनस्वी तिटकारा आहे. येतात, फोटो काढतात, पेशंटला आशेला लावतात आणि थीसिस झाला की नंबर बदलतात. मी हे सगळं तिला लिफ्टमध्येच सुनावलं. ती रागावली नाही. मला घरी नेऊन तिने टेबलावर एक मऊ, पारदर्शक नळी ठेवली, करंगळीएवढी. यात लोखंड नव्हतं, मोटर नव्हती.

"रोबो म्हटलं की लोकांना सांधे आणि स्क्रू आठवतात," ती म्हणाली. "पण वेलीला कुठे हाडं असतात? तरी ती चढते. लाजाळूला स्नायू नसतात, तरी मिटते. आतल्या पाण्याचा दाब आणि बाहेरचा आकार, एवढ्यावर झाडांचं सगळं चालतं. मी पाण्याऐवजी हवा भरते. ही नळी बोटाच्या पाठीवर बसवायची. हवा भरली की नळी ताठ होईल आणि बोट सरळ करेल. हवा सोडली की पुन्हा मऊ. जुनाट, दुखऱ्या हाताला लोखंड नको असतं, गीताताई."

हे शेवटचं वाक्य मला पटलं. मी अट घातली, की कॉलेजची रीतसर परवानगी आण, डॉक्टरांचं पत्र आण, आणि पेशंटला 'बरी व्हाल' असं एकदाही म्हणायचं नाही. तिने तिन्ही गोष्टी पाळल्या.

सप्टेंबरात ती हातमोजा घेऊन तळवलीला आली. कापडी मोजा, पाठीवर पाच नळ्या आणि ब्लडप्रेशरच्या यंत्राला असतो तसला रबरी फुगा. मी काकूंच्या हातात मोजा चढवला. सईने फुगा दाबला. बोटं तसूभर हलली आणि मधल्या बोटावरची नळी एका बाजूला लिंबाएवढी फुगली. सईने घाईने हवा सोडली. जागृती हसली, काकूही हसल्या.

आणि दाराकडून आवाज आला. "यो फुगनारच."

सहा महिन्यांत मी काकांच्या तोंडून आपणहून आलेलं पहिलं वाक्य ऐकत होते.

"उघडा रबर हवा पेलत नाय," ते उठून जवळ आले. "जिकडं नरम तिकडं फुगतो. वरून बांधाया लागतो त्याला."

"बांधलं होतं काका," सई म्हणाली. "दोन दोरे उलटसुलट, एकमेकांवरून. पुस्तकात तसंच आहे. पण सिलिकॉन इतकं मऊ असतं, की जिथे दोरा दोऱ्यावर चढतो तिथे घासून ते चिरतं. चार नळ्या गेल्या माझ्या."

काकांनी नळी बोटांत घेतली, दाबली, वासही घेतला. "एकच दोरा. दाट. मी करून देतू."

आठवड्याने त्यांनी पाच नळ्या दिल्या. एवढी सफाई मी मशीनवरही पाहिली नव्हती. दोऱ्याचा वेढा वेढ्याला लागून, कुठे फट नाही, कुठे चढ नाही. सईने टेबलावर एका नळीत हवा भरून बघितली. फुगवटा नाही, फाटणं नाही. तिने तर काकांना नमस्कारच केला. काका पहिल्यांदा किंचित हसले, आणि त्या दिवशी आम्हाला चहाही मिळाला.

मग मोजा काकूंच्या हातात चढवला आणि फुगा काकांच्या हाती दिला. त्यांनी दाबला. बोटं उघडायला लागली, आणि उघडता उघडता वळायला लागली. नळ्या पीळ घेत होत्या. पहिलं बोट मधल्या बोटावर चढलं, अंगठा भलत्याच बाजूला फिरला.

"आरं, बोट मोडशील माजा!" काकू किंचाळल्या.

मी झडप घालून नळी उपटली. इजा झाली नव्हती, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सई 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिली. काकांनी फुगा जमिनीवर ठेवला आणि ते गच्चीवर गेले.

चूक टेबलावर दिसलीच नव्हती, कारण तिथे नळी एका टोकाला मोकळी होती आणि स्वतःभोवती फिरली तरी कोणाला कळणार? गुंडाळी सगळी एकाच दिशेची होती, उजवी. कारखान्यातलं यंत्र एकाच बाजूला फिरायचं, त्यामुळे एकतीस वर्षं पट्टीही त्याच बाजूने. तिथल्या जाड रबराला त्याने काही फरक पडत नव्हता. या मऊ नळीला पडला. पुढे सईने मला हे चित्र काढून समजावलं. त्या दिवशी मात्र आम्हाला एवढंच दिसलं, की काकूंना दुखलं.

मी जिना चढून गच्चीवर गेले ते काकांना झापायलाच. पेशंटसमोर असं उठून जायचं नसतं, तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. काका मांडवाखाली उकिडवे बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर तेच बोलायला लागले.

"बाय, माज्या हातानं तिचा वाईट दुसऱ्यांदा झाला."

"दुसऱ्यांदा म्हणजे?"

"लग्नात मी समोरच बसलेलू. ती चौक भरत होती, धवला चालू होता. रेघ वाकरी गेली. चालीस वरसांत तिची रेघ कवा वाकरी गेली नाय. मना दिसली, बाय. मी उठलू नाय."

"का?"

"धवला मधेच तोडला तर तो नवरा-नवरीला लागतो, असा ती सांगायची. पुऱ्या जन्मात तिनं धवला अर्धा सोरला नाय. ताप असला तरी. मी म्हटला, होऊ दे पुरा. मंग पानावर बसली. हातातून भात पडला, तवा गाडी काढली."

"किती वेळ गेला?"

"तीन तास. थोरा जास्तीच."

मी हिशेब न करता हिशेब केला. या आजारात पहिल्या तासांना काय किंमत असते, ते मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं. हॉस्पिटलमधल्या कोणा शहाण्याने सांगितलं असणार.

"तवाच नेली असती तर हात वाचला असता?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं, पण त्या माणसाला ते पुरेसं नव्हतं, हेही मला दिसत होतं. "काकूंना सांगितलंत हे?"

त्यांनी मान हलवली. नाही. म्हणजे सहा महिने हा माणूस दाराशी बसून तो हात बघत होता तो का, हे मला आत्ता कळत होतं, आणि मी त्याला घुम्या म्हणून मोकळी झाले होते. मला स्वतःची लाज वाटली. झापायचं राहून गेलं.

त्यानंतर पाच दिवसांनी, सकाळी साडेसात वाजता, काकांचा फोन आला. तोवर त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. काकूंचं काही बरंवाईट झालं, अशीच माझी खात्री झाली.

"बाय, त्या सईला घेऊन ये. वर, गच्चीवर."

आम्ही दोघी माझ्या स्कूटीवर गेलो. काकांनी आम्हाला शिराळीच्या वेलापाशी नेलं. वेलाला फुटणारा, आधार शोधणारा तो बारीक ताणा असतो ना, तो बांबूला धरून घट्ट झाला होता आणि मधे त्याची गुंडाळी झाली होती, फोनच्या जुन्या वायरीसारखी.

"मोज," ते सईला म्हणाले.

त्यांनी नखाने दाखवलं. बांबूकडून निघालं, की वेढे उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. मग अर्ध्या वाटेवर एक छोटासा सरळ तुकडा, नखाएवढा. आणि त्यापुढे खोडापर्यंत सगळे वेढे डावीकडे.

"दोनी टोकं बांधलेली," काका म्हणाले. "एक बांबूला, एक वेलीला. सगला एकाच बाजूला वलला असता तर देठ पिलून तुटला असता. म्हनून अर्ध्यात उलटा फिरतो. जेवढा उजवा, तेवढा डावा. दोरा दोऱ्यावर चढत नाय." थांबून ते म्हणाले, "लहानपनापासून बगतू. पन बगितला नव्हता."

सई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. बराच वेळ ही मुलगी बोलली नाही, याची नोंद मी मुद्दाम करून ठेवते.

"काकडीच्या ताण्याचा फोटो माझ्या लॅबच्या भिंतीवर आहे," ती शेवटी म्हणाली. "दोन वर्षं. त्यावर लोकांनी लिहिलेलंही मी वाचलंय. वाचून पेपर बाजूला ठेवला."

"मग आता काढ बाहेर," मी म्हणाले.

पण अडलं दुसरीकडेच. काकांचा हात डावी गुंडाळी घालेना. अर्धी नळी सुरेख व्हायची, मधे सरळ तुकडाही जमायचा, आणि मग बोटं आपोआप परत उजवीकडेच वळायची. मी अक्कल पाजळली, की नळी उलटी धरा आणि दुसऱ्या टोकाकडून गुंडाळा. सई हसायला लागली. स्प्रिंग उलटी धरली तरी तिचा पीळ तोच राहतो म्हणे. घरी जाऊन मी पेनमधल्या स्प्रिंगवर करून पाहिलं. खरंच तोच राहतो.

तेव्हा काका साठी उलटल्यावर शिकायला बसले. झाडूच्या दांड्यावर सुतळी डावीकडून, बागेच्या पाइपवर दोरी डावीकडून. अकरा नळ्या वाया गेल्या. मी काकूंचे व्यायाम घेत असताना ते दाराशी बसलेले असायचे, पण आता त्यांचे डोळे त्यांच्याच हातावर असायचे. चुकले की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. काकू मला हळूच म्हणाल्या, "लगनाच्या टायमाला एवरी मेहनत केली असती, तर नाचाया तरी शिकला असता."

जानेवारीत जमलं. काकांनी फुगा दाबला आणि काकूंची बोटं एकामागून एक उघडली. सरळ, न वळता, न दुखता. माझा जोर नाही, कोणाचा जोर नाही. काकू आपल्या तळव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जागृती, तांदलाचा पीठ आन."

सईला मी घातलेली अट मीच इथे पाळते. काकू बऱ्या झाल्या नाहीत. मोजा काढला की मूठ मिटायची ती मिटायचीच. चिमूट धरण्यापुरती ताकद त्यांच्या बोटांत होती, नव्हती ती सोडण्याची, आणि तेवढं सोडणं नळ्या करायच्या. काका फुगा हलके हलके दाबायचे, चिमूट थोडी थोडी सैल व्हायची, पीठ सुटायचं. सईने बटणावर चालणारा पंप आणला होता, पण त्याची घरघर धवल्याखाली ऐकू येते म्हणून काकूंनी तो नाकारला. काका धवल्याच्या चालीवर फुगा दाबायला शिकले. तीन महिने रोज दुपारी चार ओळी, मग सहा, मग अख्खा चौक. रेघ जाड यायची, कुठे तुटायची, पण जायची तिकडे जायची.

वैशाखात जागृतीची हळद लागली. मांडव इमारतीखालच्या गल्लीत. डीजेवाल्याला पाचपर्यंत हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती, आणि तो बिचारा स्पीकरला टेकून बसला होता. गावातल्या म्हाताऱ्या पुढे येऊन बसल्या होत्या. गोजराच्या हाताला यंत्र लावलंय ही बातमी घणसोलीपर्यंत गेली होती, त्यामुळे गर्दी नवरीपेक्षा त्या हाताला बघायला जास्त.

काकू पाटावर बसल्या. मी मोजा चढवला. सई मांडवाच्या खांबाशी उभी राहिली, नखं खात. काका बायकोच्या उजव्या हाताला बसले, फुगा हातात. काकूंनी धवला धरला. इतक्या महिन्यांत मी तो घरी ऐकला होता, पण मांडवातला आवाज वेगळाच. बायकांनी मागून ओढून धरला. चौकाची पहिली बाजू झाली, दुसरी झाली. काकू गात होत्या, काका दाबत होते आणि पीठ पडत होतं. मला रडू येत होतं आणि मी ते नाकातच परतवत होते.

तिसऱ्या बाजूला रेघ वाकडी गेली.

फार नाही. बोटभर बाहेर गेली. मलाही दिसली, पण माझ्या मनात काही येण्याआधीच काकांनी फुग्यावरची हवा सोडायची चकती सैल केली. हवा सुस्स करून निघून गेली.

"थांब," ते म्हणाले. मग मोठ्याने, "थांब, गोजरा."

धवला तुटला. बायकांमध्ये एकच गलका झाला. कोणीतरी तोंडावर हात घेतला, कोणी "आरं देवा" म्हणालं. नवऱ्या मुलीच्या हळदीत, धवलारणीच्या नवऱ्याने, धवला मधेच तोडला होता. काका कोणाकडे बघत नव्हते. ते मोज्याला जोडलेली फुग्याची नळी सोडवायला धडपडत होते.

मी पुढे झाले. काकूंना हसायला सांगितलं, दोन्ही हात उचलायला सांगितले, नाव विचारलं. प्रेशर घेतलं. ओठ एका रेषेत, जीभ सरळ, जुन्या आजाराचं होतं तेवढंच, नवीन काही नाही. "दमल्यात," मी म्हणाले. "दुसरं काही नाही. काका, खरंच काही नाही."

काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. हवा गेली तशी काकूंची मूठ मिटायला लागली होती, आणि नळी सोडवायला गेलेली काकांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्या मुठीत अडकलं होतं.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. आगरी घरात नवरा-बायकोत अहो-जाहो नसतं. त्या म्हणाल्या, "तवा बी तू बगितला होतास ना?"



"बगितला होता," काका म्हणाले.

"मना वाटलाच."

"मी उठलू नाय, गोजरा."

"हात माजा होता," काकू म्हणाल्या. "मना तुज्या आधी कलला होता. मीच नाय थांबली. तुज्या सांगन्यानं थांबली असती काय मी? कवा आयकलाय तुजा?"

काका रडायला लागले. आवाज न करता, खाली मान घालून. सव्वा वर्ष मी त्या घरात जात होते, पण मी काही केलं नाही, तिथे माझं काही काम नव्हतं.

सईने पुढे येऊन फुगा उचलला. पुन्हा हवा भरली असती, तर मूठ उघडली असती, काकांची बोटं सुटली असती आणि चौक तिथून पुढे सुरू झाला असता. एवढ्यासाठीच तर तिने दोन वर्षं घालवली होती. तिने त्या दोघांच्या हातांकडे बघितलं आणि फुगा परत पाटाशेजारी ठेवून दिला. मी तिला तेव्हाच माफ केलं, तिने न केलेल्या सगळ्या गुन्ह्यांबद्दल.

"चिमूट घे," काकू काकांना म्हणाल्या.

"मी?"

"मंग कोन? धवला अर्धा रायलाय. पयल्यापासून म्हनाया लागंल आता."

काकांच्या त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मोकळं होतं. त्यांनी पिठाची चिमूट घेतली. काकूंनी आपल्या मुठीत धरलेली त्यांची दोन बोटं ओढली, खांद्यातून आणि कोपरातून, जिथे त्यांची ताकद होती तिथून, आणि तो हात चौकावर आणला. मागून कोणीतरी म्हातारी म्हणाली, "बाप्यानं कवा चौक भरलाय काय?" काकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी डोळे मिटून धवला पहिल्या ओळीपासून धरला. एक बाई मागून गायला लागली, मग दोन, मग सगळ्या.

जागृती हळदीच्या पाटावर बसून बघत होती. तिसरी बाजू पुरी झाली, चौथी झाली. एवढा मोठा माणूस, एकतीस वर्षं पट्टी बिनचूक गुंडाळत आलेला, पण पिठाची रेघ त्याला जमेना. ती शेवटपर्यंत वाकडीच गेली, आणि या वेळी कोणी कोणाला थांबवलं नाही.